सोयाबीनवर तणनाशकासोबत 13:00:45 एकत्र फवारावे का?

पेरणीला 20 दिवस झाले आहेत, इमॅझेथापायर हे तणनाशक मारायचेच आहे, तेव्हा त्याच टाकीत 13:00:45 (13 टक्के नत्र आणि 45 टक्के पालाश, म्हणजे पोटॅश, असलेले विद्राव्य खत) घालून एका फवारणीची मजुरी वाचवावी का, असा आपला प्रश्न आहे. माझी शेती नागपूरजवळ उमरेडच्या बाजूला आहे आणि हा प्रयोग मी अर्ध्या एकरावर करून पाहिला आहे, म्हणून सांगतो की करू नये.

पहिली अडचण वेळेची आहे. तण दोन ते चार पानांवर असताना, म्हणजे 15 ते 20 दिवसांत, तणनाशक द्यावे लागते. त्या वयात सोयाबीनला पाने ती किती, बहुतेक द्रावण मातीवर आणि तणावरच पडते. फवारलेल्या पालाशचा खरा उपयोग शेंगा भरताना होतो. शिवाय मात्रेचा हिशेब करून पाहा. एकरी 200 लिटर पाण्यात एक टक्क्याने 2 किलो खत जाते आणि त्यात पालाश असते 900 ग्रॅम. हेक्टरी 30 किलो पालाशची शिफारस धरली, तर एकराला 12 किलो लागते, जे 20 किलो म्युरेट ऑफ पोटॅश (60 टक्के पालाशचे खत) पेरणीच्या वेळीच देऊन भागते. फवारणी त्याची जागा घेऊ शकत नाही.

दुसरी अडचण मला शेतातच दिसली. इमॅझेथापायरने सोयाबीन काही दिवस पिवळसर पडते, हे ठाऊक होते. परंतु त्यात खत आणि वरून स्टिकर (द्रावण पानाला चिकटवणारे औषध) घातल्यावर चौथ्या दिवशी पानांच्या कडा तांबूस होऊन करपल्या, आणि हे तणनाशकाने झाले, खताच्या क्षाराने झाले की दुपारच्या उन्हाने, हे मला ठरवताच आले नाही. पीक सावरले, पण आठ-दहा दिवस थबकले. (परदेशातील मिश्रणांचे व्हिडिओ पाहून ठरवत असाल, तर तिथे बहुधा ग्लायफोसेट हे तणनाशक सहन करणारे सोयाबीन असते, आपल्या वाणावर ग्लायफोसेट पडले, तर पीकच जाईल.)

तणनाशक एकटेच, ओल असताना, फ्लॅट फॅन (पंख्यासारखा सपाट फवारा देणाऱ्या) नोझलने मारावे. पालाश फवारायचेच असेल, तर शेंगा भरू लागल्यावर 10 लिटर पाण्याला 100 ग्रॅम 13:00:45 पुरे. त्या दिवशी पंप मात्र आधी तपासा. बांधावर 2,4-डी हे रुंद पानांच्या झाडांना मारणारे तणनाशक मारलेला पंप नुसता विसळून सोयाबीनमध्ये नेऊ नका.