रेकॉर्डवरचा पोस्टमन

प्रश्न : भाऊ, मोठ्या बाबांच्या पेटीत जॉन प्राइन नावाच्या गायकाची रेकॉर्ड सापडली, कव्हरवर बावा गिटार घेऊन तणसाच्या गठ्ठ्यावर बसलाय. शेतकरी होता का हा? रेकॉर्ड जरा वाकडी झाली, उन्हात ठेवून सरळ होईल का?
– एक वाचक, साकोली

उत्तर : गठ्ठा फोटोपुरता हो! हा अमेरिकेतला, शिकागोजवळच्या मेवुडचा पोस्टमन, टपाल वाटत फिरता फिरता गाणी जुळवायचा, मग शिकागोत गायक क्रिस क्रिस्टॉफरसननं ऐकलं आन् 1971 मध्ये ही पहिली एलपी, म्हणजे मोठी रेकॉर्ड, निघाली, अटलांटिक कंपनीची. म्हातारी माणसं, घरातला एकटेपणा, युद्धावरून आलेला सैनिक असल्या गोष्टी गाण्यात, तेही हसवत हसवत, मले तर हेच लई आवडते. 1998 मध्ये मानेला कॅन्सर, ऑपरेशननंतर आवाज खरबरीत झाला तरी गडी गातच राहिला, एप्रिल 2020 मध्ये कोरोनानं गेला.

आन् उन्हात? अजिबात नाही बावा! आपल्या मे महिन्यात टिनाखालीच वाकली असन ती. थंड खोलीत उभी ठेवा, 33 च्या (मिनिटाला 33 फेऱ्यांच्या) स्पीडवर लावा. चावीच्या जुन्या ग्रामोफोनवर तर नकोच, त्याची जड सुई खाच खरवडून टाकते.