डीबगची माहिती काढली, तरी फ्लॅश भरलेलीच

प्रश्न : दिंडोरीकडच्या द्राक्षबागांसाठी ठिबकचा कंट्रोलर बनवतो आहे. चिप एसटीएम३२एफ१०३सी८, फ्लॅश (चिपमधली प्रोग्राम साठवायची जागा) ६४ केबी. कालपर्यंत प्रोग्राम बसत होता, कंपाइल होऊन बनणारी ईएलएफ फाइल मात्र ९०० केबीच्या वर असायची. एक फीचर वाढवलं आणि लिंकर (कोडचे तुकडे जोडून प्रोग्राम बनवणारा) 'फ्लॅश ओव्हरफ्लो' म्हणू लागला. '-जी' (डीबगची माहिती घालणारा कंपायलरचा पर्याय) काढलं, तरी आकडा एका बाइटनेही हलला नाही. '-ओएस' (कोड लहान करणारा पर्याय) लावलं तर बसतो, पण डीबगरमध्ये बरीच व्हेरिएबल्स 'ऑप्टिमाइझ्ड आउट' दिसतात. काय करावं?
— एक वाचक, सातपूर, नाशिक

उत्तर : '-जी' परत लावा. त्यातून येणारी माहिती ईएलएफ फाइलच्या वेगळ्या सेक्शनांत राहते, चिपमध्ये उतरत नाही. म्हणून फाइलच्या आकारावरून अंदाज बांधू नका. 'साइज' कमांड चालवा. त्यातल्या 'टेक्स्ट' आणि 'डेटा' यांची बेरीज म्हणजे फ्लॅशमधली खरी जागा.

जागा खातं ते दुसरंच. '-ओ'चा कुठलाही पर्याय दिला नसेल, तर जीसीसी कंपायलर '-ओ०', म्हणजे ऑप्टिमायझेशन नको, असं धरतो आणि कोड फुगतो. सगळा प्रोजेक्ट '-ओएस'वर ठेवा आणि ज्या फाइलमध्ये दोष शोधायचा आहे तेवढीच '-ओजी'ने (डीबगला सोयीचं ऑप्टिमायझेशन) कंपाइल करा. व्हेरिएबल्स बऱ्यापैकी दिसतील, बाकीचा कोड लहानच राहील. '-एफफंक्शन-सेक्शन्स' आणि लिंकरला '--जीसी-सेक्शन्स' दिलं की न वापरलेली फंक्शन्स गळतात. मात्र लिंकर स्क्रिप्टमध्ये इंटरप्ट व्हेक्टर टेबलाला (चिप सुरू होताना आणि इंटरप्टला कुठे जायचं ते पत्ते) 'कीप', म्हणजे काढू नको ही सूचना, हवंच. नाहीतर तेही गळू शकतं आणि बोर्ड सुरूच होणार नाही.

'प्रिंटएफ'मध्ये दशांश छापणं फार महाग पडतं. ओलावा २७.५ ऐवजी २७५ असा पूर्णांकात पाठवा आणि न्यूलिब-नॅनो (सी लायब्ररीची लहान आवृत्ती) वापरा. 'असर्ट'सुद्धा (अट खरी आहे का ते पाहणारी ओळ) तपासा. प्रत्येक असर्टमागे अटीचा मजकूर आणि फाइलचं नाव, कधी पूर्ण पाथसह, फ्लॅशमध्ये बसतं. 'एनडीबग' (असर्ट बंद करणारा मॅक्रो) दिला की ते सगळे जातात, पण असर्टच्या कंसात एखादं काम करणारं फंक्शन लिहिलं असेल तर तेही चालायचं थांबतं! हा दोष फक्त रिलीजमध्ये दिसतो, म्हणून सापडायला फार छळतो. आधी ती फंक्शन्स कंसाबाहेर काढा.

बागेत बोर्ड अडकला तर? हार्डफॉल्ट (चिपने पकडलेली गंभीर चूक) होताच चिपमधला कॉर्टेक्स-एम३ प्रोसेसर स्टॅकवर आठ वर्ड ठेवतो. त्यातला सातवा प्रोग्राम काउंटर, म्हणजे प्रोग्राम कुठे होता तो पत्ता. तो रीसेटनंतरही टिकणाऱ्या बॅकअप रजिस्टरांत साठवा. ती १६ बिटांची आहेत, म्हणून दोन लागतील. पुढच्या वेळी सुरू होताना तो पत्ता सिरियलवर छापा आणि 'अ‍ॅडर२लाइन'ला ईएलएफसोबत द्या, ओळ क्रमांक मिळेल. त्यासाठी ईएलएफ त्याच बिल्डची हवी. नंतर बदललेल्या कोडमधून बनवलेली चुकीची ओळ दाखवेल, आणि तीही अगदी खरी वाटेल. म्हणून बागेत गेलेल्या प्रत्येक आवृत्तीची ईएलएफ आवृत्ती क्रमांकासह जपून ठेवा.

प्रश्न : ग्राहकाला लिनक्सचा प्रोग्राम द्यायचा आहे. 'स्ट्रिप' करू का, म्हणजे फाइलमधली डीबगची माहिती काढून टाकू का?
— एक वाचक, अंबड, नाशिक

उत्तर : करा, पण आधी 'ऑब्जकॉपी --ओन्ली-कीप-डीबग'ने माहिती वेगळ्या फाइलमध्ये काढून ठेवा. स्ट्रिप झाल्यावर '--अ‍ॅड-जीएनयू-डीबगलिंक'ने लहान फाइलमध्ये वेगळ्या काढलेल्या फाइलचा दुवा घाला. ग्राहकाकडे लहान फाइल जाते, मोठी तुमच्याकडे राहते.