दोहाला विमान चुकलं तर?

उन्हाळा तोंडावर आला की ठाण्यात, नौपाड्यातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत एक प्रश्न हमखास येतो : परदेशी एकटीने जायचंय, मधे विमान बदलायचंय, जमेल का? विचारणारी बहुधा साठीच्या पुढची असते आणि तिच्याआधी सोबत आलेला मुलगा किंवा सूनच बोलायला लागते. सुलभाताईंचंही तसंच झालं. (नाव आणि काही तपशील बदलले आहेत, लिहायला त्यांची परवानगी आहे.)

वय 64, राहायला पाचपाखाडीत, शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त. डी.एड.च्या वेळची मैत्रीण बॉस्टनजवळ मुलीकडे कायमची राहायला गेलेली, तिने हट्टाने बोलावलं होतं. व्हिसा हातात होता, तिकीटही निघालं होतं. मुंबई ते दोहा चारेक तास, तिथे साडेतीन तासांचा थांबा, पुढे बॉस्टनपर्यंत तेरा-चौदा तास. एवढा वेळ बसून राहायचं त्यांना काही वाटत नव्हतं. झोप उडवली होती ती त्या साडेतीन तासांनी. रात्री तीनला उठून पासपोर्ट जागेवर आहे ना बघायचा आणि सकाळी तिकीट रद्द कर म्हणून मुलाच्या मागे लागायचं, असं चाललं होतं.

मुलगा समजूत घालून थकला होता. दोहा विमानतळाचे व्हिडिओ दाखवून झाले, नकाशा छापून दिला, "आई, काही होत नाही गं" हे तर दिवसातून दहादा. बहुतेक घरं इथेच फसतात. दिलाशाने भीती तासाभरापुरती उतरते आणि मग तिला पुढचा दिलासा लागतो. जितका द्याल तितका कमीच पडतो.

त्याला बाहेर बसवलं आणि ताईंना म्हटलं, "समजा, चुकलं विमान. मग?"

"मग काय, मी तिथेच."

"तिथेच म्हणजे?"

"खुर्चीवर बसलेली."

"आणि मग?"

बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "कुणाला तरी विचारावं लागेल," आणि पदर डोळ्यांना लावला.

शाळेत जन्मभर सगळे त्यांना विचारत आले. घराबाहेर पडलं की तिकिटं यजमानांच्या खिशात. ते गेल्यानंतरचा हा पहिलाच मोठा प्रवास. परक्या माणसापुढे तोडक्यामोडक्या इंग्रजीत "मला कळत नाहीये" म्हणायची लाज वाटत होती, आणि भीतीचं मूळ तिथे होतं.

माहितीचा भाग पाच मिनिटांत उरकला, कारण तो तेवढाच असतो. एकाच तिकिटावर दोन्ही विमानं असली की चेक-इन केलेली बॅग दोहाला घ्यायची नसते, ती थेट बॉस्टनला मिळते. पहिलं विमान उशिरा पोचल्यामुळे दुसरं चुकलं, तर पुढच्या विमानात बसवून देणं हे विमान कंपनीचं काम. दोहाला पुन्हा एकदा सुरक्षा तपासणी होते, मग फलकावर आपलं गेट बघायचं. बी.पी.च्या गोळ्या हातातल्या बॅगेत.

खरा उपाय उरणच्या गाडीत सापडला. सराव म्हणून ताईंनी एकटीने जायचं : ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकलने नेरूळ, तिथे गाडी बदलून उरण. उरणच्या गाड्या मोजक्याच, त्यामुळे नेरूळला थांबणं आलंच. अटी दोन : पोचेपर्यंत मुलाला फोन नाही, आणि नेरूळला एक गाडी डोळ्यांदेखत सोडून द्यायची. "मुद्दाम?" ताईंना हा शुद्ध वेडेपणा वाटला. पण गेल्या. गाडी सुटली तेव्हा छाती धडधडली, हात गार पडले. थोड्या वेळाने धडधड आपोआप उतरली, तेव्हा त्या शेजारी बसलेल्या करंजाच्या कोळणीला पुढची गाडी कितीची हे विचारत होत्या आणि तिथून पापलेटच्या भावावर पोचल्या होत्या. धडधड चढते तशी उतरतेही, हे ऐकून पटत नाही. एकदा बसून बघावं लागतं.

मुलगा व्हीलचेअर सांगून ठेवणार होता. गुडघे साथ देत नसतील तर ती जरूर घ्यावी, त्यात कमीपणा कसला! ताई मात्र रोज तलावपाळीला फेऱ्या मारतात. निव्वळ भीतीपोटी चाकाच्या खुर्चीत बसल्या असत्या, तर भीतीलाच बळ मिळालं असतं. त्यांनी स्वतःच नको म्हटलं.

दोहाला घोळ झालाच, पण कुणाच्या ध्यानीमनी नव्हता तो. फोन बॅगेत, नजर मनगटावर. घड्याळात साडेसात आणि बोर्डिंग पासवर 7:10! पाय लटपटले. समोर एक सफाई कर्मचारी दिसला, त्याला गाठून चक्क हिंदीत विचारलं, "भैया, बॉस्टन का जहाज गया क्या?" तो नेपाळचा होता. त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं, तिथे पाच वाजले होते. दोहा आपल्यापेक्षा अडीच तास मागे, आणि पासवरची वेळ तिथली. ताईंचं घड्याळ ठाण्यातच राहिलं होतं. निघण्यापूर्वी आम्ही इतकं बोललो, पण घड्याळाचा विषय निघाला नव्हता. मनगटी घड्याळ वापरणाऱ्यांनी ते विमानातून उतरल्या उतरल्या लावून घ्यावं.

हे सगळं ताईंनी बॉस्टनहून व्हिडिओ कॉलवर सांगितलं. मैत्रीण मागे उभी राहून मधेमधे दुरुस्त्या करत होती, जशी काही तीच दोहाला होती.

मुलानेही अट पाळली, आईचा निरोप येईपर्यंत एकही फोन केला नाही. रात्रभर मात्र फोनवर तिचं विमान कुठवर आलं ते बघत जागा होता. पुढच्या आठवड्यातली वेळ त्याने स्वतःसाठी घेतली आहे.