सोळा दिवसांत बाल्कन: आधी व्हिसा, मग नकाशा

तुमचा बेत वाचला. क्रोएशियातल्या स्प्लिटला उतरायचं, मोस्तार, साराएवो, तिराना, ओह्रिड, स्कोप्ये, प्रिश्तिना करत सर्बियातलं बेलग्रेड गाठायचं आणि मॉन्टेनेग्रोमार्गे दुब्रोवनिकहून परत. दोघं शाकाहारी, सगळं बस-रेल्वेने, आणि अर्ज सिंगल एन्ट्री, म्हणजे एकदाच आत सोडणाऱ्या शेंगेन व्हिसाचा (युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच व्हिसा).

घोडं इथेच अडतंय. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये आहे. बॉस्नियातल्या मोस्तारला गेलात की तुम्ही शेंगेनबाहेर, मग क्रोएशियातच असलेल्या दुब्रोवनिकला परत कसे शिरणार? शिवाय बॉस्निया आपल्याला वेगळ्या व्हिसाशिवाय घेतो तो मल्टिपल एन्ट्री शेंगेन असेल तर. तेव्हा अर्जाला सगळा मार्ग जोडून मल्टिपलच मागा, आणि निघण्याआधी त्या त्या वकिलातीचे नियम पुन्हा बघून घ्या.

दुसरी अडचण कोसोव्होच्या राजधानीची, प्रिश्तिनाची. सर्बिया कोसोव्होला देश मानत नाही. उत्तर मॅसिडोनियाकडून कोसोव्होत जाऊन तिथून थेट सर्बियात निघालात, तर त्यांच्या लेखी तुम्ही त्यांच्या हद्दीत शिक्क्याविना घुसलेले. सीमेवरून परत पाठवतात. उलट क्रमाने, सर्बियातून कोसोव्हो आणि पुढे मॅसिडोनिया, हे चालतं.

मी तुमच्या जागी असतो तर अल्बानिया, मॅसिडोनिया, कोसोव्हो पुढच्या खेपेला ठेवले असते. (सात देशांची यादी सांगायला बरी वाटते, पण सुट्टी बसस्टँडवर जाते.) स्प्लिट, मोस्तार, साराएवो, बेलग्रेड, मॉन्टेनेग्रोतलं कोतोर, दुब्रोवनिक एवढं सोळा दिवसांत निवांत होतं. मोस्तार-साराएवो रेल्वेनेच करा, नेरेत्वा नदी बराच वेळ सोबत असते. साराएवोहून बेलग्रेडच्या बऱ्याच बस शहरातल्या मुख्य स्टँडवरून नाही, पूर्व साराएवोतून सुटतात. आम्ही चुकीच्या स्टँडवर बसून राहिलो आणि मग टॅक्सीला भुर्दंड भरला.

बेलग्रेडहून मॉन्टेनेग्रोतल्या बार बंदराला जाणारी रेल्वे मात्र सोडू नका. ४७६ किलोमीटर, २५४ बोगदे, जवळपास अख्खा दिवस. रत्नागिरीजवळचा पानवल पूल ६४ मीटर उंच. या मार्गावरचा माला रियेका पूल १९८ मीटर! रात्रीच्या गाडीने गेलात तर बराचसा मार्ग अंधारात जाईल, आणि दिवसाची गाडी साधारण उन्हाळ्यातच असते. वेळ आदल्या दिवशी स्टेशनावर विचारा. बारहून कोतोरला बस आहे.

सुटी नाणी जवळ ठेवा, बसच्या डिकीत बॅग टाकायचे बहुधा वेगळे पैसे घेतात. बॉस्नियात मार्क, सर्बियात दिनार, मॉन्टेनेग्रोत युरो.

खाण्याचं म्हणाल तर बॉस्नियात नुसतं 'बुरेक' (पातळ पोळीच्या थरांत सारण भरून भाजलेला पदार्थ) मागितलंत की मांसाचंच येतं. चीजची 'सिरनित्सा', पालकाची 'झेल्यानित्सा', बटाट्याची 'क्रोम्पिरुशा' अशी नावं घ्या. सर्बियात 'पोस्नो' शब्द पाठ करा, म्हणजे तिथल्या ऑर्थोडॉक्स लोकांचं उपवासाचं जेवण: मांस नाही, दूध नाही, अंडं नाही. मासा मात्र पुष्कळदा चालतो त्यांना, तेवढं आधी विचारून घ्या.