प्लेटा काढा, टेकू राहू दे

अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज काल रात्री वाचला. मोबाईलवर चार ओळींत उत्तर देण्यासारखा तो नाही, म्हणून हे पत्र. पाथर्डी फाट्याच्या साईटवर ठेकेदार म्हणतो, स्लॅब ओतून 10 दिवस झाले, खालचे टेकू आणि साच्याच्या लोखंडी प्लेटा खोलून टाकू. तुझ्या तक्त्यात 14 आहेत. वर तो ऐकवतो, "मॅडम, पुस्तक ठेवा बाजूला, थोडा कॉमन सेन्स वापरा." आणि तू विचारतेस, सर, खरं कुणाचं?

आधी माझी फजिती सांगतो. 1994 चा जून, गंगापूर रोडकडे एका इमारतीच्या पायाचं काम. काळी माती, आठेक फूट खोल चर. चार दिवस कडा भिंतीसारख्या सरळ उभ्या. मला नोकरीला वर्षही झालं नव्हतं. फळ्या-टेकू लावायचे का, असं विचारलं तर मुकादम हसला. माती दगड झालीय, तिला कशाला कुबड्या? मलाही पटलं, डोळ्यांना दिसतच होतं ना. त्यात उपसलेली माती आम्ही काठावरच टाकलेली, लांब नेण्याची मजुरी वाचावी म्हणून. सुरगाण्याकडचा एक म्हातारा बिगारी मात्र सकाळी मला काठाशी घेऊन गेला. काठापासून हातभर अंतरावर, काठाला समांतर, एक भेग गेली होती. करंगळी जाईल एवढी. "सायेब, ही जागा सुटनार." मी म्हटलं, बघू.

दुपारी मृगाची एक सर आली, जेमतेम वीस मिनिटं. कडा गेली. आत एक पोरगा कमरेपर्यंत गाडला गेला. फावडं मारायची सोय नाही, त्याच्याच पायाला लागायचं. हातांनी आणि घमेल्यांनी माती काढली. एक घनमीटर ओली माती दीड टनाच्या वर भरते, हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. पोरगा वाचला, पण पाय मोडला, आणि पुढे तो लंगडतच चालला.

खोदाईच्या सुरक्षेचं भारतीय मानक, आयएस 3764, आमच्या ऑफिसच्या कपाटात होतं. दीड मीटरपेक्षा खोल चराला आधार द्या. उपसा काठापासून दीड मीटर किंवा खोलीच्या निम्मा, यातलं जे जास्त तेवढा लांब टाका. म्हाताऱ्यानं भेगेत वाचलं तेच तिथे छापलेलं. त्याची अक्कल आणि पुस्तक एका बाजूला होते. समोर होती आमची घाई, आणि ती मुकादमाच्या तोंडून कॉमन सेन्स म्हणून बोलत होती. तेव्हापासून साईटवर कुणी हा शब्द काढला की मी आधी बघतो, याचं कुठलं बिल अडकलंय.

पण मी नियमांचा भक्त झालो असंही समजू नकोस. मध्यंतरी एका साईटवर दहा फुटांच्या परांचीवर गवंडी पाहिला. अंगात बेल्ट, हूक पायाशी पाइपाला. रजिस्टरात टिकमार्क, सुपरवायझर खूश. दोरी सहा फुटांची. हिशेब कर, दोरी ताणायच्या आधी त्याचे पाय जमिनीला लागतात. तिथे कठडा हवा होता, दोन आडवे पाइप आणि पायाशी एक फळी. असं दिसलं की गप्प बसू नकोस. मात्र माल कालवून ठेवलेला असताना वाद घालायचा नाही. आदल्या दिवशी, कागदावर, आणि अमुक काढा म्हणताना त्याजागी काय लावायचं तेही लिहून.

आता तुझा स्लॅब. काँक्रीटच्या मानकात, आयएस 456 मध्ये, स्लॅबचे टेकू काढायला साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याला, म्हणजे दोन आधारांमधल्या अंतराला, 7 दिवस, त्यापुढे 14. तुझा हॉल 16 फुटांचा, म्हणजे पावणेपाच मीटरच्या वर, तेव्हा 14 च. पण त्या तक्त्याच्या आजूबाजूची वाक्यंही वाच. हे आकडे साध्या पोर्टलँड सिमेंटचे, आणि हवा 15 अंशांखाली जात नसेल तेव्हाचे. तुमच्या गोणीवर पीपीसी लिहिलेलं असणार, म्हणजे राख मिसळलेलं, सावकाश पिकणारं सिमेंट. आणि जानेवारीतल्या नाशिकच्या रात्री तू गोधडी घेऊन झोपतेस. थंडीत काँक्रीटही सावकाशच पिकतं. म्हणजे ठेकेदाराचे 10 सोड, तुझे 14 सुद्धा कमी पडतील. किती थांबायचं ते स्ट्रक्चरल डिझायनरकडून लेखी घे, आणि क्यूब, म्हणजे त्याच काँक्रीटचे नमुना-ठोकळे, टाकीतल्या पाण्यात न ठेवता स्लॅबवरच ठेवलेले तपासायला पाठव.

ठेकेदाराचं खरं दुखणं वेगळं आहे, त्याच्या प्लेटा वरच्या मजल्याला हव्यात. त्याचीही सोय त्याच तक्त्यात आहे. टेकू लगेच परत लावणार असाल तर स्लॅबच्या खालच्या प्लेटा 3 दिवसांनी काढता येतात. या आकड्यालाही थंडीची तीच अट आहे, पण तुमचे 10 झालेत, तेव्हा डिझायनर बहुधा हो म्हणेल. एका वेळी एकच पट्टा खोलायचा, टेकू परत ठोकून घट्ट, मगच पुढचा. तोवर वर विटांचा थप्पा लावू द्यायचा नाही, आणि तू तिथून हलायचं नाही, चहालाही नाही.

रविवारी संध्याकाळी मी पंचवटीत घरीच आहे. येताना ड्रॉइंग आण. बीमचे टेकू वेगळे मोजायचे असतात, ते तू मेसेजमध्ये लिहिलेलंच नाहीस.

तुझे सर