खारं पाणी आणि कांद्याची पेशी

प्रश्न : आठवीच्या मुलांना सूक्ष्मदर्शकाखाली कांद्याचा पापुद्रा दाखवते. त्यावर समुद्राचं पाणी घातलं, तर पेशीत नेमका काय फरक पडतो ते कळत नाही. गालाच्या पेशीला असंच होतं का?
– एक शिक्षिका, मालवण

उत्तर : पांढरा पापुद्रा वापरत असाल तर तिथेच अडतं, आतलं सगळं पारदर्शक असतं. लाल कांद्याच्या मांसल पाकळीची बाहेरची जांभळी त्वचा सोला. तो रंग रिक्तिकेतल्या (पेशीतल्या रसाच्या पिशवीतल्या) रसाचा, म्हणून रंगवायला आयोडीन लागतच नाही. तुकडा ५ मिलिमीटरचा, एकपदरी हवा. जाड आला तर पेशींवर पेशी दिसतात.

आधी साध्या पाण्यात पाहा : जांभळा रंग भिंतीपर्यंत भरलेला. मग आच्छादन काचेच्या एका कडेला समुद्राच्या पाण्याचे २ थेंब सोडा, दुसऱ्या कडेला टिपकागद लावा. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, त्यामुळे रिक्तिकेतलं पाणी बाहेर जातं. काही मिनिटांत जांभळा गोळा कोपऱ्यांपासून सुटू लागतो, भिंत मात्र जागची हलत नाही. हाच रससंकोच. लगेच गोडं पाणी सोडलंत तर गोळा पुन्हा फुगतो. फार वेळ खाऱ्यात ठेवलात तर पेशी मरते. मुलांना हा परतीचा भाग जरूर दाखवा, तोच सगळ्यात सुंदर आहे.

गालाच्या पेशीला भिंत नाही, त्यामुळे खाऱ्या पाण्यात ती अख्खीच आक्रसते. ती न आक्रसता पाहायची तर १०० मिलिलिटर पाण्यात ०.९ ग्रॅम मीठ घालून त्यात पाहा. केंद्रक उठून दिसण्यासाठी मिथिलीन ब्लू या निळ्या रंगाचा एक थेंब पुरे.