लेक डॉक्टर झाली, आता सोमालियात जायचं म्हणते

प्रश्न : माझी मुलगी नुकतीच भूलशास्त्रात एमडी झाली. पुण्यात शिकताना तिच्या खोलीवर एक सोमाली मुलगी राहायची, फार्मसी शिकणारी. ती मोगादिशूला परत गेली, पण दोघींचं बोलणं सुरूच आहे. आता लेक म्हणते, ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’सारख्या संस्थेतून मला सोमालियात काम करायचंय. तिथे डॉक्टरांना पळवून नेतात, गोळ्या घालतात असं मी वाचलं. तिच्या वडिलांनी तिच्याशी बोलणं सोडलंय. मी तिला अडवू का? आणि याला करिअर म्हणायचं का? – एक आई, लातूर

उत्तर :

ताई, नमस्कार.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. तिला अडवू नका. पण तिने यंदाच बॅग भरावी, असंही मला वाटत नाही. असं का म्हणते ते सविस्तर सांगते, कारण हे पत्र तुमच्याइतकंच तिने आणि तिच्या वडिलांनीही वाचावं अशी माझी इच्छा आहे.

तुम्ही वाचलंत ते खरं आहे. वडिलांचा धसकाही खरा आहे, त्याला जुनाट विचार म्हणून कुणी बाजूला सारू नये. ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ (फ्रेंच नावावरून एमएसएफ) ही संस्था १९९१ पासून सोमालियात होती. हुकूमशहा सियाद बार्रेची राजवट कोसळली ते हेच वर्ष. त्यानंतर कितीतरी वर्षं सरकार असं काही उरलंच नाही, टोळीप्रमुखांच्या हाती बंदुका आल्या. अशा मुलुखात ही संस्था २२ वर्षं टिकली आणि ऑगस्ट २०१३ मध्ये तिने सगळी कामं एकदम बंद केली. तोवर तिची १६ माणसं मारली गेली होती. २०११ च्या ऑक्टोबरमध्ये केनियातल्या दादाब निर्वासित छावणीतून तिच्या दोन स्पॅनिश कार्यकर्त्या पळवल्या गेल्या आणि २१ महिन्यांनी सुटल्या. त्याच डिसेंबरात मोगादिशूत तिच्या दोघा सहकाऱ्यांना गोळ्या घातल्या गेल्या. मारणारा याच संस्थेत पूर्वी नोकरीला होता. त्याला ३० वर्षांची शिक्षा झाली आणि तीन महिन्यांत तो बाहेर आला. बंद करण्याचा निर्णय जाहीर करणारे तेव्हाचे आंतरराष्ट्रीय अध्यक्ष एक भारतीय डॉक्टर होते, उन्नी करुणाकरा.

त्या निर्णयामागचं कारण तुमच्या लेकीने नीट समजून घ्यावं. धोका वाढला एवढंच ते नव्हतं. धोका तर पहिल्या दिवसापासून होता. सोमालियात ही संस्था सशस्त्र पहारेकरी ठेवत असे, आणि एरवी तिच्या नियमांत ते बसत नाही. तिचं म्हणणं असं होतं की, ज्यांच्याशी बोलून, ज्यांचा शब्द घेऊन आपण दवाखाने चालवतो, तेच लोक मारणाऱ्यांना पाठीशी घालतात किंवा बघून न बघितल्यासारखं करतात. एका आजारी मुलावर उपचार करायचे म्हणून डॉक्टरचा जीव गेला तरी चालेल, असं तिथल्या सत्ताधाऱ्यांनी गृहीत धरलं, आणि मग पहारेकऱ्यांचा काही उपयोग उरला नाही. २०१२ या एका वर्षात या संस्थेने तिथे रुग्णांच्या सहा लाखांहून जास्त तपासण्या केल्या होत्या. ते सगळं थांबलं. २०१७ मध्ये संस्था परत गेली, पण हात राखून. २०२३ च्या जुलैत लासअनोदमधल्या रुग्णालयातूनही तिला बाहेर पडावं लागलं, कारण लढाईत त्या इमारतीवरच पुन्हा पुन्हा मारा होत होता.

रुग्णालयावर माणूस बंदूक का रोखतो, हा प्रश्न तुम्हाला पडला असेल. सरकार नसलेल्या गावात रुग्णालय ही सगळ्यात मोठी मिळकत असते. तिथे पगार असतो, औषधं, गाड्या, डिझेल, घरभाड्याचे आणि पहाऱ्याचे करार असतात. नोकरी कुणाच्या कुळातल्या माणसाला मिळाली, कुणाची गेली, गाडी कुणाची भाड्याने घेतली, यावर वैर होतं. त्यात अल-शबाबसारख्या कट्टर सशस्त्र संघटना आल्या, ज्यांना शिकलेला माणूस स्वतंत्रपणे उभा राहिलेलाच नको असतो.

३ डिसेंबर २००९ ची घटना मला कधीच विसरता येत नाही. युद्धामुळे देशातलं वैद्यकीय शिक्षण जवळपास बंद पडलेलं. मोगादिशूतल्या काही डॉक्टरांनी एकत्र येऊन २००२ मध्ये बनादिर विद्यापीठ सुरू केलं, गोळीबारात वर्ग चालवले, आणि २००८ च्या डिसेंबरात २० नवे डॉक्टर बाहेर पडले. जवळजवळ दोन दशकांनी त्या देशात पहिल्यांदा डॉक्टर तयार झाले होते. दुसऱ्या वर्षी हॉटेल शामोमध्ये पदवीदान समारंभ ठेवला. मुलं झग्यात, आईवडील समोर, मंचावर मंत्री. तिथे आत्मघाती स्फोट झाला. वीसहून जास्त माणसं गेली. त्यांत आरोग्यमंत्री कमर आदेन अली होत्या, शिक्षणमंत्री आणि उच्चशिक्षणमंत्रीही होते, आणि पदवी घ्यायला आलेली मुलं होती. ताई, तुम्ही लेकीच्या पदवीदानाला गेला असाल. वाचताना तुमच्या मनात काय येईल ते मला कळतंय, तरी लिहिते आहे. कारण या सगळ्यात सर्वांत जास्त कोण मरतं, ते यातून दिसतं.

मरतात ते बहुतांशी सोमालीच. परदेशी डॉक्टर पळवला गेला की जगभर बातमी होते. २०२० च्या मे महिन्यात बालअदजवळच्या गोलोले गावात माता-बाल दवाखान्यातल्या सात आरोग्य कर्मचाऱ्यांना बंदूकधाऱ्यांनी उचलून नेलं आणि दुसऱ्या दिवशी त्यांचे मृतदेह मिळाले. आपल्याकडे ती बातमी किती जणांनी वाचली? त्या माणसांना परतीचं विमान नव्हतं. तुमच्या लेकीची मैत्रीणही त्यांच्यासारखीच आहे. लेकीला तिथे जायचं असेल तर ‘मी शूर आहे का’ हा प्रश्न तिने मनातून काढून टाकावा. मी गेल्याने तिथल्या डॉक्टर-परिचारिकांचा धोका वाढेल की कमी होईल, हे तिने स्वतःला विचारावं. माझ्या मते तिचं सगळं करिअर या एका प्रश्नाभोवती आखता येतं.

भारतीय डॉक्टरांनाही या मातीने सोडलेलं नाही. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत आपलं लष्कर बैदोआ भागात होतं, तेव्हा १९९४ च्या ऑगस्टमध्ये तिथे रॉकेटच्या माऱ्यात आपले तीन लष्करी डॉक्टर मारले गेले. ‘आपल्या लोकांवर कुणी हात टाकत नाही’ असं लेकीला कुणी सांगत असेल, तर ते तिने मानू नये. २०१९ मध्ये सीमेलगतच्या केनियातल्या मंदेरा गावातून दोन क्यूबन डॉक्टर पळवले गेले, त्यांचा तर कुणाशीच वाद नव्हता.

आता दुसरी बाजू. सोमालियात २०२० च्या राष्ट्रीय पाहणीनुसार एक लाख जिवंत जन्मांमागे ६९२ माता दगावतात. आपल्या महाराष्ट्रात हा आकडा ३३ च्या आसपास होता. तिथे तीन बाळंतपणांपैकी जेमतेम एक प्रशिक्षित हातांनी होतं. आणि सीझर करायला सर्जन असून भागत नाही, भूल देणारं माणूस लागतं. तुमच्या लेकीने निवडलेली विद्या तिथे अतोनात मोलाची आहे. तिचं वेड अनाठायी नाही, हे तिच्या वडिलांना कुणीतरी सांगायला हवं.

डॉ. हावा अब्दी यांच्याबद्दल तिने वाचलं असेल, तुम्हीही वाचा. स्त्रीरोगतज्ज्ञ, सोव्हिएत काळात कीव्हला शिकलेल्या. १९८३ मध्ये मोगादिशूबाहेर स्वतःच्या शेतजमिनीवर एका खोलीत दवाखाना काढला. युद्धात लोक जीव मुठीत घेऊन तिथे येत गेले आणि त्या जागेत एका काळी नव्वद हजार माणसं राहत होती. त्यांचा नियम कडक होता. इथे कुळाचं नाव काढायचं नाही, आणि बायकोवर हात उगारणाऱ्याला कोंडून ठेवायचं. २०१० च्या मेमध्ये हिजबुल इस्लाम या कट्टर संघटनेचे शेकडो बंदूकधारी आले, रुग्णालय ताब्यात घेतलं, बाईंना अडकवून ठेवलं. बाईंनी मान तुकवली नाही. छावणीतल्या बायका चवताळून उठल्या, जगभरातल्या सोमालींनी आवाज केला, आणि त्या लोकांना निघून जावं लागलं. बाईंनी लेखी माफी मागून घेतली. २०२० मध्ये त्या गेल्या, त्यांच्या दोन्ही मुली डॉक्टर आहेत. बाईंच्या भोवती पहारेकऱ्यांपेक्षा भक्कम असं काही उभं होतं. तिथल्या आयांनी त्यांना आपलं मानलं होतं. पण तेही दर वेळी पुरत नाही. बोरामाला क्षयरोग्यांची वर्षानुवर्षं सेवा केलेल्या इटालियन ॲनालेना तोनेल्ली यांना २००३ मध्ये त्यांच्याच रुग्णालयाच्या आवारात गोळी घातली गेली, आणि तो भाग तर स्वतःला वेगळा देश म्हणवणाऱ्या, शांत समजल्या जाणाऱ्या सोमालीलँडचा.

आता तिने काय करावं ते सांगते. शासकीय महाविद्यालयातून एमडी झाली असेल तर सरकारी सेवेच्या बंधपत्राचं एक वर्ष तिच्यापुढे आहेच. ते लातूर-पुण्यात काढू नये. गडचिरोली, नंदुरबारकडे जागा मागावी. जिथे रक्तपेढी लांब आहे, मॉनिटर एकच आहे, मध्यरात्री सीझर आलंय आणि वरिष्ठ फोनवरही नाहीत, तिथे वर्षभर काढलं की आपल्याला हे जमतं का, ते तिचं तिलाच कळेल. एमएसएफसारख्या संस्था तसंही पदवीनंतरचा दोनेक वर्षांचा अनुभव मागतात, त्यात हे वर्ष धरलं जातं. पुढची पायरी म्हणजे दुसऱ्या एखाद्या देशातला, कमी धोक्याचा प्रकल्प. पहिल्याच नेमणुकीला सोमालिया मागू नये आणि कुणी देऊ केलाच तर घेऊ नये. नवख्या माणसाला तिथे धाडणारी संस्था माझ्या लेखी बेजबाबदार आहे. भूलतज्ज्ञांच्या नेमणुका पुष्कळदा एक ते तीन महिन्यांच्या असतात, तेव्हा लातूरची नोकरी, लग्न, संसार यांतलं काहीच कायमचं सोडावं लागत नाही. पगार मात्र खासगी रुग्णालयातल्या मिळकतीपेक्षा बराच कमी असतो, हे आधीच माहीत असू द्या.

शिकवण्याचं काम तर ती आजपासून करू शकते, आणि मला ते सगळ्यात जास्त पटतं. लंडनच्या किंग्ज कॉलेजशी जोडलेले डॉक्टर २००० पासून सोमालीलँडमधल्या डॉक्टर-परिचारिकांना घडवत आले आहेत, त्यातलं कितीतरी शिकवणं ऑनलाइन होतं. तिथल्याच हर्गेसा शहरात एदना अदान या सुईणीने २००२ मध्ये उभं केलेलं प्रसूतिरुग्णालय शेकडो मुलींना शिकवतं. लेकीची मैत्रीण मोगादिशूत आहे, औषधांच्याच क्षेत्रातली आहे. तिच्या ओळखीतून भूल शिकणाऱ्या चार मुलांना आठवड्याला तासभर व्हिडिओवर शिकवायला सुरुवात करावी. थोडं सोमाली शिकावं. पुढे ती गेलीच तर तिथे तिला ओळखणारी माणसं असतील.

मुलाखतीची वेळ आली की तिने संस्थेला काही प्रश्न बिनदिक्कत विचारावेत. मागची घटना कधी घडली आणि त्यानंतर तुम्ही काय बदललंत? रुग्णालयात हत्यार आणू न देण्याचा नियम आहे का, आणि तो खरोखर पाळला जातो का? मोगादिशूतलं केसानी रुग्णालय मुळात तुरुंगाची इमारत. रेड क्रॉसच्या आधाराने ते १९९२ पासून दोन्ही बाजूंच्या जखमींवर उपचार करत आलंय, म्हणून हा नियम कागदावरचा नाही हे तिला माहीत असावं. बाहेर पडायची वेळ आली तर स्थानिक सहकाऱ्यांचं काय करता? त्यांचा विमा आणि माझा विमा यांत फरक किती? मला नको वाटलं तर मी त्याच दिवशी परत येऊ शकते का? ‘स्थानिक सहकाऱ्यांचं काय’ या प्रश्नावर समोरचा गडबडला, तर तिथे जाऊ नये.

तिच्या वडिलांना माझा निरोप द्या. धोक्याच्या देशात जाणाऱ्याकडून संस्था एक अर्ज भरून घेतात. अपहरण झालंच तर माणूस जिवंत आहे हे पटवायला, फक्त घरच्यांनाच उत्तर ठाऊक असेल असे काही प्रश्न त्यात लिहायचे असतात. संकटात आधी कुणाला फोन करायचा, तेही लिहायचं असतं. तिथे ती कुणाचं नाव लिहिणार, हे दोघांनी समोरासमोर बसून ठरवावं, आणि त्यासाठी त्यांना तिच्याशी आत्ताच बोलायला लागेल. बंधपत्राची जागा मिळाली की लेकीला मला थेट लिहायला सांगा, एमएसएफच्या अर्जाची तयारी आपण तेव्हा करू.